ताईंच्या अंगठ्याची तक्रार

माझ्या बहिणीच्या मुलीचं तोंड लहानपणी तासन्‌तास बंद असायचं, पण हात कधी बंद नसायचे. पाहुण्यांच्या बुटांच्या नाड्या सोडव, उशीचा टाका उसव, घड्याळाचं मागचं झाकण काढून आत काय चाललंय ते बघ. म्हणून मी तिला खारूताई म्हणायला लागलो. पुढे शेपूट गळून नुसती खारू उरली, ती अशी चिकटली की लग्न होऊन गेली तर सासरच्यांनीही तेच नाव उचललं. लोकांना नावं ठेवण्यात माझा हात धरणारा अजून भेटायचाय.

आता खारू चव्वेचाळीस वर्षांची आहे. डॉक्टर मंडळी पेशंट तपासून झाला की काय सापडलं ते यंत्रात बोलून ठेवतात. ते बोलणं कानाला लावून ऐकायचं आणि टाईप करायचं, हे तिचं काम. पायाखाली एक पेडल असतं. दाबलं की डॉक्टर बोलतो, सोडलं की गप्प. (असं पेडल माझ्या घरात कुणी माझ्यासाठी बसवलं नाही हे नशीब.) एकदा तिची विसरलेली किल्ली द्यायला तिच्या ऑफिसात गेलो होतो. एका लांबट खोलीत वीस-बावीस माणसं, सगळ्यांचे पाय हलतायत, बोटं हलतायत आणि कुणी कुणाशी अवाक्षर बोलत नाही. मला वाटलं शिवणकामाचा कारखानाच आहे, फक्त कापड तेवढं दिसत नाही. त्या खोलीत खारूचा मान मोठा होता. एक हृदयाचे डॉक्टर तोंडात सुपारी धरल्यासारखं बोलायचे. त्यांचं बोलणं अख्ख्या ऑफिसात एकट्या खारूला कळायचं.

सहा वर्षांपूर्वी तिच्या हातांना मुंग्या यायला लागल्या. आधी बोटांच्या टोकांना, मग मनगटापर्यंत. पुढे सकाळी उठल्यावर कप धरता येईना. डॉक्टर म्हणाले, कीबोर्ड सोडा, नाहीतर हात सोडावे लागतील. अठरा वर्षं तेच केलेलं. दुसरं काही येत नाही, आणि यावं असं तिला वाटतही नव्हतं. ती तिथून थेट माझ्याकडे आली.

मी सुतार. गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो आणि उरलेलं सगळं रंध्याकडून शिकलो. दुकान आता मुलगा बघतो, पण मागच्या बाजूचं एक बाकडं माझ्या नावाचं आहे. त्या बाकड्यावर खारूने कोपरापर्यंत दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, मामा, पेन्सिलीने भोवती रेघ मार.

मग तिने मला समजावलं. कीबोर्डवर दोन्ही हात पोटासमोर गोळा होतात, खांदे आवळतात, मनगटं बाहेर मुरडतात. माणसाची बोटं काही एका रेषेत संपत नाहीत, मधलं लांब, करंगळी आखूड, पण बटणं मात्र शाळेतल्या कवायतीसारखी रांगेत. आठ बोटं मरमर मरतात आणि अंगठ्यांसारखे दोन पहिलवान मिळून एक दांडी दाबतात. तेव्हा कीबोर्ड मधोमध कापायचा. दोन तुकडे खांद्यांइतके लांब ठेवायचे, प्रत्येकाला तंबूसारखा उतार द्यायचा, प्रत्येक बोटाला त्याच्या लांबीप्रमाणे उभी रांग, आणि अंगठ्यांना खरं काम.

मला हे सगळं एका क्षणात पटलं, कारण आमच्या उस्तादांची गोष्ट आठवली. उस्ताद स्वतःच्या रंध्याची मूठ स्वतःच्या हाताला घासून बसवायचे आणि तो रंधा कुणाला द्यायचे नाहीत. मी पंधरा वर्षांचा असताना तो एकदा चोरून वापरला. तासाभरात तळहाताला हा एवढा फोड. उस्तादांनी मारलं नाही. फोड बघितला आणि म्हणाले, चोर पकडायला शिपाई कशाला, मूठ पुरते.

तर खारूचा पहिला कीबोर्ड पुठ्ठ्याचा होता. त्यावर बटणांची कागदी चित्रं चिकटवून ती आठ दिवस नुसतीच बडवत बसली. नवऱ्याला वाटलं, बायकोचं काहीतरी बिनसलं. दुसरा माझ्या प्लायवूडचा, आतून हाताने जोडलेल्या तारांचा. उलटा केला की कावळ्याचं घरटं. पण चालला. महिनाभरात तिच्या मुंग्या मनगटावरून बोटांपर्यंत मागे हटल्या. ती दुकानात येऊन स्टुलावर बसली आणि कप उजव्या हाताने उचलून दाखवला. मी बाकड्याखाली तोंड घालून उगाच खिळा शोधला.

इथे तिची नणंद आली. नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. आम्ही सगळे ताई म्हणतो. ताईंचंही काम तेच, ऑफिसही तेच, पण नवरा गेल्यापासून त्या घरून टाईप करायच्या. मुलगा दूरच्या शहरात, घर दोन गल्ल्या पलीकडे. त्यांचीही मनगटं दुखायची. खारू म्हणाली, एकाचे दोन करू, तुमच्यासाठी पण. नणंद-भावजयीचं इतकं जमलं की शेजाऱ्यांची करमणूक बुडाली.

तिसऱ्या कीबोर्डपासून खारूने सर्किटच्या पट्ट्या कारखान्यातून करून आणायला सुरुवात केली. कारखाना एका नमुन्याच्या पाचपेक्षा कमी करत नाही, म्हणून दोघींचा नमुना एकच ठेवायचा ठरलं. आणि ठरली एक पद्धत. एक वही घातली. डावं पान खारूचं, उजवं पान ताईंचं. महिनाभर जिला जे खुपेल ते तिने लिहायचं, मधेच काही बदलायचं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी खारूच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वही वाचायची. मी तळहाताखालच्या लाकडी फळ्या आणि उतार करणारा, म्हणून मलाही बोलावणं. नियम दोनच. तक्रारीला उलट उत्तर द्यायचं नाही, कारण, खारू म्हणायची, तोंड खोटं बोलेल, हात बोलत नाही. आणि दोघींच्या तक्रारी एकमेकींविरुद्ध गेल्या तर बटण मधोमध आणायचं. अर्धं तुझं, अर्धं माझं.

ते रविवार काय सांगू तुम्हाला. खारू चष्मा कपाळावर चढवून वाचायची: करंगळी, खालची रांग, दोन मिलिमीटर वर. ताई चहा गाळता गाळता मान डोलवायच्या. मी मधे उस्ताद, आमचे मास्तर, विहिरीत पडलेली करवत असं जे सुचेल ते सांगायचो. ताई इतक्या मनापासून हसायच्या की दुसऱ्यांदा सांगितलेली गोष्टही नवी वाटायची. घरी माझी नातवंडं मी तोंड उघडलं की बूट घालायला लागतात. तिथे मात्र मला टेबलाची एक बाजू होती.

चौथा झाला, पाचवा झाला. खारू पुन्हा पहिल्यासारखी झाली. सुपारीवाले हृदयाचे डॉक्टर पुन्हा तिच्याकडे आले. पाचव्यावर ताईंनी लिहिलं: उजवा अंगठा, जागेचं बटण लांब पडतं, ताणावा लागतो. जागेचं बटण म्हणजे दोन शब्दांमधे रिकामी जागा सोडणारं. कीबोर्डवर सगळ्यात जास्त दाबलं जातं ते हेच, आणि खारूने ते उजव्या अंगठ्याला दिलं होतं. पुढच्या महिन्यात ताईंची तीच तक्रार. त्याच्या पुढच्या महिन्यातही. खारूला ते जिथे होतं तिथे अगदी हवं तसं बसलं होतं. पण नियम म्हणजे नियम. ताईंना बोटभर आत हवं होतं, म्हणून सहाव्यात अर्धं बोट आत आणलं.

सहाव्याची जोडणी त्याच टेबलावर झाली. एकेक बटण गरम हत्याराने सोल्डर करायचं, मग एकेक दाबून पडद्यावर उमटतं का ते बघायचं. तिने स्वतःचा तपासला. ताईंचा तपासायच्या वेळी मी आमच्या शाळेच्या बाकाची गोष्ट काढली. मास्तरांनी सगळ्या पोरांची उंची मोजून, बेरीज करून, भागून बरोबर मधल्या उंचीचे बाक करवून घेतले. उंच पोरांचे गुडघे वर आपटायचे, बुटक्यांचे पाय लोंबकळायचे, आणि मधल्या उंचीचं पोर अख्ख्या शाळेत एकही नव्हतं. हसता हसता ताईंनी आपले तुकडे पिशवीत घातले आणि निघाल्या.

अर्ध्या बोटाने काय होतं असं तुम्हाला वाटेल. दिवसाला वीस-वीस हजार वेळा अंगठा तळहाताखाली मुडपून दाबला की काय होतं ते खारूला पाच महिन्यांत कळलं. अंगठ्याच्या मुळाशी सूज. बरणीचं झाकण निघेना, कुलपात किल्ली फिरेना. डाव्या पानावर तिने लिहिलं: अंगठा दुखतो, बटण बाहेर हवं. उजव्या पानावर ताईंनी लिहिलं: अजून लांबच पडतं, आणखी जरा आत आलं तर बरं. खारूने एकदा न राहवून विचारलं, ताई, अजूनही लांबच? ताईंनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, माझा अंगठाच आखूड, त्याला मी काय करू, तुझी बोटं बासरीवाल्याची. खारू ओशाळली. आपण नियम मोडला असं तिला वाटलं. वर्षभर दोघींची पानं अशी समोरासमोर राहिली, आणि खारू पट्टी बांधून काम करत राहिली. डॉक्टर म्हणाले, आता सहा आठवडे पूर्ण बंद, नाहीतर शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर पहिल्यासारखा वेग येईल याची हमी नाही. तिने आधी ऑफिसातलं हातातलं काम संपवते म्हणून दोन आठवडे मागून घेतले.

त्या दोन आठवड्यांत एका सकाळी नवऱ्याच्या हातून तिच्या कीबोर्डवर चहा सांडला. ताई मुलाकडे गेल्या होत्या. झाडांना पाणी घालायला त्यांची किल्ली खारूकडेच होती. तिने फोन करून विचारलंसुद्धा नाही. घरचाच मामला, ताईंचा कीबोर्ड दोन दिवस आणू, एवढंच तिच्या मनात. गेली, तर टेबलाच्या एका कडेला दोन्ही तुकडे स्वच्छ रुमालाखाली झाकलेले. आणि मधोमध, संगणकाला जोडलेला, ऑफिसचा जुना सरळ कीबोर्ड. त्याची अक्षरं झिजून गेलेली.

ऑफिसात नेऊन तिने ताईंचे तुकडे जोडले आणि टाईप करायला घेतलं. शब्दाला शब्द चिकटून एकच आगगाडी झाली. जागेचं बटण मेलेलं. तार सुटली असेल म्हणून तिने उलटं करून भिंगातून बघितलं. सुटलेली नव्हती. त्या बटणाच्या पायाला सोल्डर लागलेलाच नव्हता. पितळ कोरं करकरीत. ते बटण जन्मापासून एकदाही चाललेलं नव्हतं, आणि त्याच बटणाबद्दल वहीत वर्षभर लिहिलेलं होतं की ते लांब पडतं.

ती कुणाला काही बोलली नाही. नवऱ्यालाही नाही. तीन दिवसांनी पहिला रविवार होता.

मी पोचलो तेव्हा ताई प्रवासातून थेट आलेल्या, खुशीत. मी नेहमीप्रमाणे सुरू झालो होतो. खारूने संगणक टेबलावर आणून ठेवला, ताईंचे तुकडे त्याला जोडले आणि त्यांच्यासमोर सरकवले.

"ताई, एक ओळ लिहून दाखवता?"

ताई हसल्या. काय लिहू, म्हणाल्या. काहीही, खारू म्हणाली. ताईंनी बोटं ठेवली, चुकीच्या रांगेवर. मग शोधत शोधत आपलं नाव आणि गल्लीचं नाव लिहिलं. सगळं एकात एक. त्यांनी अंगठ्याने ते बटण दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं, आणि मग हात मांडीवर घेतले. मी मधेच थांबलो. कुठली गोष्ट सांगत होतो ते आजही आठवत नाही.

मग ताई बोलल्या. पहिल्यापासूनच त्यांचं जमलं नव्हतं. नवा आला की दोन दिवस प्रयत्न करायच्या, मग वेग पडायचा, ऑफिसातून विचारणा व्हायची, की पुन्हा जुना जोडायच्या. पुढच्या महिन्यात सांगू, पुढच्या महिन्यात सांगू, असं करत वर्षं गेली. पान कोरं कसं सोडायचं, म्हणून शनिवारी बसून काहीतरी लिहायच्या. अंगठ्याचं त्यांना सोपं वाटलं होतं, कुणाचाही दुखू शकतो.

"पहिल्या रविवारी तू माझी वाट बघायचीस," त्या म्हणाल्या. "एरवी माझी वाट कोण बघतं?"

खारूने पट्टी सोडली आणि सुजलेला अंगठा टेबलावर ठेवला.

"वापरत नाही म्हणाला असतात ना ताई, तरी चहा दिलाच असता मी."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. तिने ताईंच्या तुकड्यांखालच्या फळ्या काढल्या, शेजारी स्वतःच्या ठेवल्या आणि माझ्याकडे बघितलं. लाकूड मीच दिलं होतं, एकाच फळीतून चिरलेलं, पांढरट, तेल न लावलेलं. खारूच्या फळ्या तळहाताच्या घामाने काळपट पडून गुळगुळीत झाल्या होत्या, हाताचा अख्खा ठसा. ताईंच्या फळ्यांवर माझ्या घासकागदाच्या रेघा जशाच्या तशा.

आता हे मी वर कुठेतरी सांगायला हवं होतं, पण तिथे लेखणी अडखळली. पाचव्याच्या वेळी त्याच फळ्यांचा उतार बदलायला दोघींच्या जोड्या माझ्या बाकड्यावर आल्या होत्या. पन्नास वर्षं लाकूड हाताळलेल्या माणसाला वापरलेलं आणि न वापरलेलं कळायला भिंग लागत नाही. मला तेव्हाच कळलं होतं. मी स्वतःला म्हणालो, ताई नीटनेटक्या आहेत, रुमाल टाकत असतील. दुसऱ्या दिवशी ते मला पटेना, तेव्हा म्हणालो, बायकांच्या आपसातल्या गोष्टीत आपण कशाला. खरं कारण एवढंच की ते रविवार बंद पडले असते.

"मामा, तुला दिसलं होतं," खारू म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

मी हो म्हणालो.

"माझा अंगठा दुखायला लागला तेव्हाही?"

त्यालाही मी हो म्हणालो. खारूने वही मिटली, कप उचलून धुवायला ठेवले, आणि आम्ही दोघं म्हातारी माणसं जिन्याने एकामागून एक खाली उतरलो. रस्त्यावर ताई डावीकडे गेल्या आणि मी उजवीकडे.

पुढचं मला तिच्या नवऱ्याकडून कळत गेलं. सहा आठवडे तिने हाताला काही करू दिलं नाही. ऑफिसने तेवढ्यापुरतं तिला दुसऱ्यांचं टाईप केलेलं ऐकून चुका काढायला बसवलं. हृदयाचे डॉक्टर दुसऱ्या कुणाकडे गेले आणि त्यांच्या कागदांत चुकाच चुका यायला लागल्या, हे ती जेवताना सांगायची म्हणे, हसायची नाही. घरी बसून तिने ती वही पहिल्या पानापासून काढली आणि उजव्या पानांमुळे काय काय हललं ते शोधलं. अंगठा एकटा नव्हता. अकरा बटणं तिच्या हाताला बसलेल्या जागेवरून उठून गेली होती, कधी एक मिलिमीटर, कधी चार. सगळी अर्ध्या वाटेवर.

चार महिने तिने मला फोन केला नाही. मधे एकदा ताई माझ्या दुकानात आल्या. खारूने त्यांचा कीबोर्ड दुरुस्त करून नवऱ्याच्या हाती परत पाठवला होता, सोबत चिठ्ठी नव्हती. ताईंनी महिनाभर, वेग पडू देऊन, ऑफिसची बोलणी खाऊन, त्याच्यावर खरोखर काम केलं. मग एक कागद लिहून आणला: डावी करंगळी, वरची रांग, लांब पडते. तुम्ही द्याल का तिला, म्हणाल्या. त्यांची करंगळी मी बघितली. खरंच लाल झाली होती.

खारू आली ती एका दुपारी, न कळवता. अंगठ्याची सूज उतरली होती. डॉक्टरांनी अर्धा दिवस काम करायला परवानगी दिली होती, ते नीट निभावलं तर पूर्ण दिवस. हातात सातव्याची आखणी होती, एकाच माणसाच्या हातांची. फळ्याही एकच जोडी हवी म्हणाली. मी ताईंचा कागद दिला. तिने उभ्यानेच वाचला, पुन्हा वाचला.

"खरं असेल हे," ती म्हणाली. "पण मामा, मला आता कसं कळणार?"

कागद घडी करून तिने पर्समध्ये ठेवला. फाडला नाही, एवढं मी बघितलं.

एरवी ती मापं देऊन जायची आणि मी जमेल तेव्हा पाठवायचो. त्या दिवशी ती थांबली. मी चिरलं, तासलं, घासलं, आणि ती बाकड्याच्या पलीकडे उभी राहून बघत होती. फळी तिच्या हातात दिली, तर तिने पर्समधून स्टीलची पट्टी काढली आणि माझ्या कामावर ठेवली. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा. लांबी बघितली, उतार दोन्ही टोकांना बघितला. डाव्या फळीत अर्धा मिलिमीटर जास्त निघाला. तिने बोट ठेवून दाखवला. बरोबर होतं तिचं. मी रंधा घेतला आणि काढून दिला. तिने पुन्हा मोजलं.

दोन्ही फळ्या पिशवीत घालून ती गेली. पुढच्या महिन्यात मीच फोन केला आणि हात कसा आहे विचारलं. पूर्ण दिवस काम करते म्हणाली, हृदयाचे डॉक्टर परत आलेत. मग मी विचारलं, फळ्या बसल्या का नीट.

"चालतायत, मामा," म्हणाली, आणि पेडल दाबायची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.